उन्हाळ्यातल्या दोन रात्री

उन्हाळा सुरू झाला की मित्रांसोबत घालवलेल्या दोन रात्री मला हमखास आठवतात. पहिली रात्र खुल्या मैदानावरील संगीताच्या कार्यक्रमाची होती. पोहोचायला उशीर झाल्यामुळे आम्हाला व्यासपीठापासून सुमारे 170 मीटर मागे उभे राहावे लागले, आणि आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर अंतर कापत असल्याने ड्रमवर पडणारी काठी आधी दिसे व तिचा ठोका अर्ध्या सेकंदाने कानी येई. शेजारचा मित्र डोळ्यांनी ताल धरत होता, मी कानांनी. आमच्या टाळ्या शेवटपर्यंत जुळल्या नाहीत, तरीही इतक्या तन्मयतेने मी क्वचितच गाणे ऐकले आहे.

दुसरी रात्र मात्र निव्वळ धुडगुसाची होती. एका मित्राच्या शेतावर आम्ही वीसेक जण जमलो होतो आणि मध्यरात्र उलटली तरी गाणी, आरडाओरडा आणि नाच थांबत नव्हता. तेवढ्यात दूरच्या घरातील एक आजोबा हातात विजेरी घेऊन आले आणि घरात तान्हे बाळ झोपत नसल्याचे त्यांनी शांतपणे सांगितले. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, त्यामुळे आवाज खाली वळून फार लांबवर पोहोचतो, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आम्ही मनापासून क्षमा मागितली. त्यानंतर सगळे एकमेकांना खेटून बसलो आणि पहाटेपर्यंत अगदी दबक्या आवाजात गात राहिलो.