गोव्यात खाणं, पिणं, फिरणं: आमचं बजेट कसं बसवलं

गोव्याला जायचं ठरलं की लोक आधी रूम बघतात. आम्ही आधी बस बघितली आणि म्हणूनच आमची ट्रिप खर्चात बसली असं माझं स्पष्ट मत आहे. गोव्यात पैसा जातो तो फिरण्यात. ओला-उबर तिथे चालत नाही, स्थानिक टॅक्सी करा नाहीतर गोवा माइल्सचं ॲप वापरा, पण एअरपोर्ट ते बीच किंवा उत्तर गोवा ते दक्षिण गोवा असं लांबचं अंतर आलं की हजाराच्या वर आकडा जातोच आणि असं रोज दोनदा झालं की संपलं.

आम्ही चौघं, मी, बायको, मुलगी आणि माझी आई. धाकटी मेहुणी लग्न होऊन म्हापशात असते, तिचं घर लहान म्हणून राहायचं बाहेरच ठरलं होतं. मी तिला आत गावातल्या एका स्वस्त रूमचे फोटो पाठवले तर तिचा लगेच फोन. "दाजी, रूमचे पाचशे वाचवाल आणि रोज टॅक्सीला हजार घालाल. कळंगुटातच राहा, समुद्र चालत आणि बसस्टँड पण चालत." हे एक वाक्य सगळ्या प्लॅनिंगला पुरलं.

मे महिना धरला कारण मुलीला सुट्टी, आणि नाताळ ते न्यू इयरला जे रेट असतात ते आपल्या कामाचे नाहीत. जूनमध्ये गेलो तर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, ताजा मासा कमी आणि महाग, शॅक म्हणजे बीचवरची तात्पुरती झोपडीवजा हॉटेलं, ती पण पावसाळ्यात काढून ठेवतात. त्यामुळे मे बरा, उकाडा सोसायची तयारी पाहिजे फक्त.

कोल्हापूरहून बसनेच गेलो. एसटीला महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं गोव्यातलं भाडं पूर्ण लागतं, हे आधी माहीत असलं तर हिशोब चुकत नाही.

निघायच्या आधी बायकोने आणि मी बसून तीन कप्पे केले. चौघांच्या जेवणखाण्याला दिवसाला दीड हजार, फिरायला पाचशे, आणि पाणी, सरबत, सोडा याला दोनशे. माझी बिअर या तिन्हीत नाही, ती माझ्या खिशातून. आणि नियम एकच, फिरण्यातले उरले तर ते जेवणात घालायचे पण जेवणातले काढून टॅक्सीला द्यायचे नाहीत. रोज रात्री बायको मोबाईलमध्ये लिहून ठेवायची, पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यामुळे दुसऱ्या दिवशी हात मोकळा सोडायचा की आवरायचा ते सकाळीच कळतं.

बसचं सांगतो. कळंगुटहून म्हापसा आणि पणजीला खाजगी मिनीबस सारख्या असतात, कंडक्टर दारात उभा राहून ओरडत असतो, चढायचं आणि सुटे द्यायचे, चौघं मिळून शंभराची नोट काढली तरी परत पैसे येतात. पणजीच्या कदंब म्हणजे सरकारी बसच्या स्टँडवरून मडगाव, म्हापसा, वास्कोला शटल आहे, तिथे आधी खिडकीवर तिकीट आणि मग रांगेत, मध्ये कुठे थांबत नाही. आईला मंगेशीला जायचं होतं, पणजीहून फोंड्याच्या बसने मंगेशीला उतरलो आणि थोडं चालत देवळात. टॅक्सीने याच फेरीला दिवसाचं सगळं बजेट गेलं असतं. ओल्ड गोव्याची चर्च बघायला पण बसच. पणजी-बेती फेरीबोटीत चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, मुलीला तर त्या बोटीचीच सगळ्यात जास्त मजा वाटली, आम्ही पलीकडे जाऊन परत आलो नुसते. एक मात्र सांभाळा, संध्याकाळी सात-साडेसातनंतर बस कमी होत जातात, म्हणून लांबचं सगळं सकाळी उरकायचं आणि संध्याकाळ आपल्या बीचवर.

मोरजी, मांद्रे, हरमल या उत्तरेकडच्या बीचच्या बाजूला बसने वेळ फार जातो, म्हणून त्या एका दिवशी दोन स्कूटर घेतल्या, एक मी एक बायकोने. मे मध्ये चारशेच्या आसपास पडली एक, डिसेंबरात हाच रेट खूप चढतो. घेताना नंबर प्लेट बघा, काळी पाटी आणि पिवळे अक्षर असेल तरच ती भाड्याची अधिकृत गाडी, पांढऱ्या पाटीची कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, पोलिसांनी धरलं तर दंड आपल्यालाच. लायसन्स आणि हेल्मेट पाहिजेच. गाडी हातात घेताना सगळीकडून व्हिडिओ काढला, टाकीत पेट्रोल जेमतेम असतं ते आधी भरून घेतलं, आणि पेट्रोल तिकडे आपल्यापेक्षा स्वस्त आहे तो एक फायदा.

आता खाणं. सकाळी हॉटेलचा नाश्ता घेतलाच नाही, भाजी-पाव. पातळ भाजी, सुकी भाजी, किंवा दोन्ही मिक्स, सोबत बन आणि मिरची भजी, चहा. पणजीत कॅफे भोसलेला गेलो, बाकी दिवस कळंगुटच्या बाजारातलं साधं हॉटेल, जिथे कामावर जाणारी माणसं उभ्याउभ्या खाऊन निघतात. दुपारी फिश थाळी. समुद्राला लागून असलेल्या रस्त्यावर जी थाळी मिळते तीच आत बाजारात पावणेदोनशे-दोनशेला मिळते आणि जास्त चांगली मिळते. भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तळलेला बांगडा, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किस्मूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांचं सुकं, सोलकढी. आई सोमवारी मासे खात नाही, तिला उडप्याकडे.

रात्री रस ऑम्लेट, हे ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी जरा नीट सांगतो. गाड्यावर गरम ऑम्लेट प्लेटमध्ये टाकतात, त्यावर पळीभर शाकुतीचा म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या गोवन रश्श्याचा रस, वरून बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि बाजूला पाव. पाव रसात बुडाला की वरचा भाग कडक आणि खालचा मऊ, मुलीने दुसरी प्लेट मागितली आणि तरी आमचं रात्रीचं जेवण चारशेच्या आत झालं.

असे वाचलेले पैसे एका संध्याकाळी शॅकवर घातले, ते ठरवूनच. शॅकच्या मेनूवर मोठ्या माशापुढे किंमत नसते, 'ॲज पर साईज' लिहिलेलं असतं. वेटरने ट्रेमध्ये बर्फावर मासे आणून दाखवले, मी एका पापलेटवर बोट ठेवून वजन करायला सांगितलं आणि विचारलं, "याचे एकूण किती, तळून, टॅक्स धरून?" त्याने वजन करून आकडा सांगितला, आम्ही दोन मिनिटं आपसात बोललो, मग हो म्हटलं. त्याला काही वाईट वाटत नाही, तिथले सगळेच असं विचारतात. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो ऐच्छिक आहे, नको म्हणता येतं.

पाण्याच्या बाटल्या बीचवर घेऊ नका, किराणा दुकानातून पाच लिटरचा कॅन आणा आणि रूमवरून भरून निघा. कोकम सोडा आणि लिंबू सोडा गावातल्या दुकानात. मे महिन्यात उर्राक मिळते, काजूच्या बोंडाची पहिल्या धारेची दारू, छोट्या बारमध्ये लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून देतात, शॅकच्या बिअरपेक्षा किती तरी स्वस्त आणि उन्हात जास्त बरी वाटते. प्यायची ती बारमध्ये बसून, बीचवर उघड्यावर पिणं २०१९ पासून बंद आहे आणि दंड लागतो.

दारू तिकडे स्वस्त म्हणून येताना बाटल्या आणायचा मोह होतो पण परमिट नसेल तर आणू नका, महाराष्ट्रात शिरल्यावर बांद्याच्या पुढे इन्सुलीला तपासणी असते आणि केस झाली तर सगळी ट्रिप महागात पडते. आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सालीसकट भाजलेले काजू आणि कोकमाचं आगळ म्हणजे घट्ट रस घेतला, फिरण्याच्या कप्प्यात उरलेल्या पैशातून.