खडक कुठे आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून. म्हणजे तुम्ही सगळ्यांनीच. अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला आमच्याकडे जो कुणी येतो, त्याला मी पावणेदोन तास गाडीत बसवून कोलंबिया नदीच्या मुखाशी नेते आणि फोर्ट स्टीव्हन्सच्या पुळणीत रुतलेला 'पीटर आयर्डेल' या जहाजाचा गंजका सांगाडा दाखवते. पाहुणा चार फोटो काढतो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "पण खडक कुठे आहे? जहाज आपटलं कशावर?"

खडक नाहीच. नुसती वाळू.

माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. सुकती, म्हणजे ओहोटी लागलेली असली आणि समुद्र खवळलेला असला, की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होडी मुखात घालत नाही, बाहेरच थांबतो, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. खाडीचं पाणी बाहेर धावत असतं, समुद्राची लाट आत येत असते, दोघांची गाठ पडते उथळ दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर. तिथे लाट उभी राहते आणि कोसळते. कोलंबियाच्या मुखावर हेच होतं, फक्त माप निराळं. नदी दोन हजार किलोमीटर वाहून आलेली, सेकंदाला सरासरी सात हजार घनमीटरच्या वर पाणी ओतणारी. गंगेसारखे फाटे फोडून ती जोर कमी करत नाही, सगळं एकाच तोंडातून फेकते. समोर पॅसिफिक, हिवाळ्यात सहा-सहा मीटरच्या लाटा घेऊन उभा. आणि मधली वाळू वादळागणिक सरकणारी. गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही. १७९२ पासून इथे लहानमोठी सुमारे २,००० जहाजं गेली आणि ७०० माणसं बुडाली, असा अंदाज सांगतात.

१७८८ मध्ये जॉन मीअर्स हा इंग्रज कप्तान इथवर आला, मुख अडवून फेसाळणाऱ्या लाटा पाहिल्या, 'इथे नदी नाही' असं ठरवलं आणि भूशिराला 'निराशेचं भूशिर' असं नाव देऊन निघून गेला. केप डिसअपॉइंटमेंट. नाव अजून तेच आहे. चार वर्षांनी, ११ मे १७९२ ला, रॉबर्ट ग्रे आत शिरला आणि नदीला आपल्या जहाजाचं नाव देऊन मोकळा झाला. मीअर्सला लोक हसतात. मी नाही हसत. लाटा बघून मागे फिरलेल्या माणसाला आमच्याकडे शहाणा म्हणतात.

मला राग येतो तो जोनाथन थॉर्नचा. मार्च १८११, जहाज 'टॉन्क्विन', फरच्या व्यापारासाठी आलेलं. वाट शोधायला म्हणून या कप्तानाने खवळलेल्या मुखात लहान होड्या सोडल्या. पहिल्या होडीवरचा अधिकारी फॉक्स सांगत होता की ही होडी या पाण्यात टिकायची नाही. तरी पाठवलं. फॉक्स परत आला नाही. तिथे पाण्याची खोली मोजता मोजता एकूण आठ माणसं गेली.

१८४१ मध्ये अमेरिकन आरमाराचं 'पीकॉक' रुतून फुटलं. माणसं वाचली, पण उत्तरेकडच्या त्या वाळूला आज 'पीकॉक स्पिट' म्हणतात. १८५३ मध्ये तर केप डिसअपॉइंटमेंटवर दीपस्तंभ बांधायचं सामान घेऊन आलेलं 'ओरिओल' त्याच भूशिराखाली बुडालं. दिवा लागला १८५६ मध्ये.

आता आपलं आयर्डेल. चार डोलकाठ्यांचं, शिडाचं पोलादी जहाज, १८९० मध्ये इंग्लंडात बांधलेलं. मेक्सिकोतल्या सालिना क्रूझहून माल नाही, नुसतं निरम (रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेलं वजन) भरून निघालेलं, पोर्टलंडला गहू भरायला. २५ ऑक्टोबर १९०६ च्या पहाटे ते मुखात शिरलंसुद्धा नव्हतं. कप्तान लॉरेन्स अगदी आमच्या तांडेलासारखा शहाणपणाने वागत होता: वाट दाखवणाऱ्या पायलटसाठी बाहेरच थांबायचं ठरवून होता. (इथले बार पायलट, म्हणजे दांडा पार करून देणारे वाटाडे, १८४६ पासून हे काम करतात. आजही परदेशी मालवाहू जहाज त्यांच्याशिवाय आत येत नाही, आणि कधीकधी पायलट हेलिकॉप्टरमधून दोराने डेकवर उतरतो.) धुकं होतं, वारा फिरला, प्रवाहाने ओढलं. मागे वळायच्या आत जहाज किनाऱ्याला लागलं. डोलकाठ्या मोडल्या. बचावबोटीने सगळ्यांना सुखरूप उतरवलं, चोरून चढलेल्या दोघांसकट. ब्रिटिश उपवाणिज्यदूताच्या चौकशीत कप्तानावर ठपका आला नाही.

पाहुण्यांना मी हे सांगते, तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. त्यांना वादळाशी झुंज हवी असते. थांबलेलं जहाजही बुडतं, हे कुणाला आवडत नाही.

मग दुसरा प्रश्न: "ओढून का नाही काढलं?" काढणार होते. तळाला फारसं लागलं नव्हतं. हवा निवळायची वाट बघण्यात आठवड्यांमागून आठवडे गेले, तोवर जहाज डावीकडे कलून वाळूत बसलं. शेवटी भंगारात विकलं. उरलं ते तुम्ही बघताय, नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा सांगाडा.

येणार असाल तर दोन दिवस आधी कळवा. सुकतीची वेळ बघून निघावं लागतं, भरतीला जवळ जाता येत नाही. आणि चपला नकोत, बूट घाला. पत्र्याच्या कडा अजून कापतात.