जोखमींना वेळापत्रकात जागा दिली

पगाराची जुनी प्रणाली बंद करून नवीन सुरू करायची, हा प्रोजेक्ट माझ्याकडे आला तेव्हा गो-लाइव्हची, म्हणजे नवीन प्रणाली प्रत्यक्ष वापरात येण्याची, तारीख वरून ठरूनच आली होती. सोबत एका पानाचा प्लॅन होता आणि त्यात एक ओळ होती, ‘डेटा मायग्रेशन – दोन आठवडे’, म्हणजे जुन्या प्रणालीतली माहिती नव्या प्रणालीत हलवणं. त्याआधी बरीच वर्षं मी कोड लिहिला होता, टीम लीड म्हणूनही काम केलं होतं. पण अख्ख्या प्रोजेक्टची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर येत होती. त्या काळात माझं एक मत पक्कं झालं आणि ते सांगावं म्हणून हे लिहितेय: जोखमींची यादी आणि कामाचं वेळापत्रक या दोन वेगळ्या फायली असूच नयेत.

सुरुवात त्या एका ओळीपासूनच केली. टीमला एकत्र बसवलं आणि विचारलं, ‘मायग्रेशन झालं’ असं आपण कधी म्हणू? उत्तरं देता देता फळा भरला. जुन्या टेबलांची यादी, कोणतं फील्ड (माहितीचा रकाना) कुठे जाणार याचं मॅपिंग, दुहेरी नोंदी शोधणं, त्यातली खरी कोणती हे पगार विभागाकडून ठरवून घेणं, डेटा हलवणाऱ्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) लिहिणं, चाचणीसाठी लोकांची नावं आणि खाते क्रमांक झाकलेला डेटा तयार करणं, लोड करणं, म्हणजे डेटा नव्या प्रणालीत चढवणं, दोन्हीकडच्या बेरजा जुळवणं, आणि काही बिघडलंच तर सगळं मागे नेण्याची तयारी. एक काम ८ तासांहून लहान नको आणि ८० तासांहून मोठं नको, असा एक जुना संकेत आहे. आम्ही वरची मर्यादा ४० तासांवर आणली, कारण आठवड्याहून मोठं काम आठवडी बैठकीत ‘नव्वद टक्के झालंय’ याच्यापलीकडे काही सांगत नाही.

मग एस्टिमेट, म्हणजे वेळेचे अंदाज. एका कामाला एक आकडा मागितला की माणूस एक तर आशेवर बोलतो नाही तर भीतीवर. म्हणून प्रत्येकाकडून तीन आकडे घेतले: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, एरवी किती लागतात आणि वाईटात वाईट किती. हा पर्टचा (PERT, प्रकल्पाच्या वेळेचा अंदाज आणि नियोजन करण्याची एक पद्धत) मार्ग. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तो तयार झाला. मॅपिंगच्या कामाला आमच्याकडे ४, ६ आणि १४ दिवस असे आकडे आले. मधल्या आकड्याची चौपट, त्यात टोकाचे दोन आकडे मिळवायचे आणि सहाने भागायचं. म्हणजे ७ दिवस. टोकांमधला फरक सहाने भागला की अनिश्चितता कळते, ती इथे सुमारे पावणेदोन दिवस.

पण या गणिताहून मला त्यातला १४ जास्त मोलाचा वाटला. “चौदा का?” असं विचारल्यावर आमची सर्वांत अनुभवी डेव्हलपर म्हणाली, “जुन्या प्रणालीतले काही कोड कशासाठी आहेत हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. ते ज्यांना माहीत आहे त्यांचा वेळ मिळाला नाही, तर मी नुसती बसून राहीन.” एस्टिमेट म्हणून विचारलेल्या प्रश्नाला जोखीम उत्तर म्हणून आली! तिसरा आकडा कुठून येतो हे प्रत्येक कामाबाबत विचारत गेलो आणि रिस्क रजिस्टरचा, म्हणजे जोखमींच्या यादीचा, अर्धा मजकूर तिथेच मिळाला.

एक सावधगिरी सांगते. अनेक कामांची अनिश्चितता एकत्र करताना वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात, आणि त्यात प्रत्येक काम दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं धरलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये ते क्वचितच खरं असतं. जुना डेटा खराब निघाला की मॅपिंग, स्क्रिप्ट, लोड आणि ताळमेळ असं सगळंच एकदम लांबतं. म्हणून त्या सूत्रातून निघालेल्या बफरवर, म्हणजे हाताशी राखायच्या जादा वेळावर, मी विसंबले नाही. एकाच कारणामुळे लांबू शकणारी कामं एका रंगात रंगवली आणि त्या पूर्ण गटासाठी मिळून एक बफर ठेवला.

कोणतं काम कशावर अडतं हे मांडल्यावर क्रिटिकल पाथ दिसला, म्हणजे ज्या साखळीतला एक दिवसाचा उशीर शेवटची तारीख एक दिवस पुढे ढकलतो ती साखळी. ती कोडिंगमधून जातच नव्हती. सुरक्षा विभागाची परवानगी, मग झाकलेला डेटा, मग पगार विभागाची तपासणी, असा तिचा रस्ता होता. कोडिंगला चांगलीच मोकळीक होती आणि आमचं सगळं लक्ष मात्र कोडिंगवर लागलेलं होतं. परवानगीचा अर्ज त्याच दिवशी गेला.

जोखमींसाठी वेगळी बैठक घेतली. प्रश्न असा ठेवला: गो-लाइव्ह होऊन महिना उलटलाय आणि प्रोजेक्ट पार फसलाय असं धरा, तर का फसला ते लिहा. ‘काय चुकू शकेल?’ असं विचारलं की लोक हातचं राखून बोलतात. फसलंच आहे असं धरलं की मोकळेपणाने लिहितात. पगार विभागातल्या एक वरिष्ठ बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, मागच्या तारखेपासून लागू होणारी पगारवाढ तुमच्या चाचणीत आहे का? ती चुकली की लोक तुमच्याकडे नाही येत, माझ्याकडे येतात.” ती नव्हती. आमच्या सगळ्या चाचण्या चालू महिन्याच्या होत्या.

त्यांचं बोलणं रजिस्टरमध्ये कसं उतरवलं ते नीट सांगते. ‘पगारवाढीचा धोका’ एवढंच लिहून भागत नाही. आम्ही लिहिलं: जुन्या महिन्यांचे दर नवीन प्रणालीत घेतलेले नसल्यामुळे थकबाकीचा हिशेब चुकू शकतो, त्यामुळे पहिल्याच महिन्यात चुकीचे पगार जमा होतील. कारण, घटना, परिणाम. असं लिहिलं की उपाय कुठे करायचा ते आपोआप दिसतं, कारण आधी हात घालता येतो तो बहुधा कारणालाच. मग शक्यता आणि परिणामाला १ ते ५ गुण, त्यांचा गुणाकार, आणि त्यानुसार क्रम. गुण अंदाजाचेच असतात, पण ‘शक्यता २ की ४?’ या वादात दडलेली माहिती बाहेर येते.

एरवी इथे रजिस्टर जतन होतं आणि पुढच्या आढाव्यापर्यंत कुणी उघडत नाही. आम्ही नियम केला: वरच्या प्रत्येक जोखमीतून वेळापत्रकात किमान एक काम निघालंच पाहिजे, त्याला नाव, तारीख आणि तास असलेच पाहिजेत. थकबाकीच्या जोखमीतून ‘जुने दर लोड करणं’ आणि ‘मागच्या तारखेच्या वाढीच्या चाचण्या’ ही दोन कामं निघाली. जी जोखीम फक्त स्वीकारायची होती, तिच्यासमोर ती कुणी स्वीकारली त्याचं नाव लिहिलं.

या कामांनी वेळापत्रक अर्थातच लांबलं. मी वरिष्ठांसमोर एक तारीख न ठेवता दोन ठेवल्या: गाठण्याची शक्यता निम्मी असलेली एक आणि बरीच खात्री असलेली एक. “माणसं वाढवली तर?” हा प्रश्न आलाच. पाच जणांत बोलण्याच्या १० जोड्या होतात, आठ जणांत २८. शिवाय नव्यांना शिकवणार तेच, जे क्रिटिकल पाथवर अडकलेले आहेत. त्याऐवजी मी स्कोपमधून, म्हणजे ठरलेल्या कामांतून, रजेचे अहवाल आणि मोबाइल स्क्रीन दुसऱ्या टप्प्यात ढकलायचा पर्याय दिला. चर्चा लांबली, पण त्यांनी तो मान्य केला आणि तारीखही थोडी पुढे सरकली.

रंगीत तालमी हा माझ्या मते सगळ्यांत सत्कारणी लागलेला वेळ. कटओव्हरसाठी, म्हणजे जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर जाण्यासाठी, शुक्रवारी रात्री ८ ते सोमवारी सकाळी ८, असे ६० तास मिळणार होते. पहिल्या तालमीत पूर्ण आकाराचा डेटा चढवला, तेव्हा एकटा लोडच त्यातला बहुतेक वेळ खाऊन बसला. प्रत्येक नोंदीबरोबर सगळे इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या सूची) अद्ययावत होत होते. इंडेक्स आधी काढून, डेटा चढवून, शेवटी पुन्हा बांधायचे असं ठरलं आणि पुढच्या तालमीत तो वेळ आटोक्यात आला. छोट्या नमुन्यावर हे कधीच दिसलं नसतं. तालमीतच कळलं की मागे फिरायला, म्हणजे जुना बॅकअप चढवून तपासायला, १४ तास लागतात. म्हणून निर्णयाची वेळ रविवारी दुपारी १२ ठरवली. तोवर बेरजा जुळल्या नाहीत तर मागे फिरायचं, आणि तो निर्णय कोण घेणार हेही लिहून ठेवलं.

खऱ्या कटओव्हरला डेटा वेळेत चढला, बेरजा रविवारी सकाळीच जुळल्या. अडचण आली ती बँकेला जाणाऱ्या फायलीत. नावांमधली काही अक्षरं तिथे स्वीकारली गेली नाहीत. ही जोखीम आमच्या यादीत मधल्या क्रमांकावर होती, म्हणून जुन्या पद्धतीने फाइल बनवणारी स्क्रिप्ट तयार होती. ती चालवली आणि पगार ठरल्या दिवशी जमा झाले. जुनी आणि नवीन प्रणाली पुढे दोन पगारांपर्यंत शेजारी शेजारी चालवली आणि प्रत्येक फरकाचं कारण शोधलं. बहुतेक फरक पैशांच्या राउंडिंगचे निघाले.

प्रत्येक कामाचे ते तीन आकडे आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ मी एका तक्त्यात लावून ठेवलाय. ज्या कामांत दुसऱ्या विभागाचं उत्तर लागत होतं, ती बहुतेक सगळी वाईटात वाईट आकड्याच्या जवळ गेली. निव्वळ कोडिंगची कामं मधल्या आकड्याच्या आसपास राहिली. रजेच्या अहवालांचा दुसरा टप्पा आता सुरू होतोय आणि त्याचे एस्टिमेट आम्ही याच तक्त्यावरून काढतोय.