दोनदा वाजलं की गप्प

'तो असो नाशिल्लो', म्हणजे 'तो असा नव्हता', हे वाक्य मानसशास्त्रज्ञ म्हणून मी आठवडाभर ऐकत असते. कधी दारूबद्दल, कधी सून आल्यावर बदललेल्या मुलाबद्दल. या बाई मात्र सणवार धरून सांगत होत्या. चवथीला आरती चालू असताना नवऱ्याने नैवेद्याच्या नेवऱ्या उचलून खाल्ल्या. मेहुण्याच्या मयताला बहीण रडत होती, तेव्हा याने तिला जेवण कधी म्हणून विचारलं. आणि शेवटी, फोंडा तालुक्यातल्या ज्या देवस्थानचा तो खजिनदार, तिथल्या फंडपेटीतल्या नोटा भटासमोर, भर दुपारी खिशात घातल्या आणि पेढे विकत घेतले.

वय ५६. शेजाऱ्यांनी दारू म्हटलं. भावाने कौल लावला. एका डॉक्टरांनी माणूस गप्प बसतो म्हणून नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या. कौल लावणाऱ्यांना मी हसत नाही. माणूस बदललाय एवढं तरी त्यांनी ओळखलं.

आमच्याकडे पाठवताना चिठ्ठीवर 'आयक्यू काढा' लिहिलं होतं. मानसशास्त्रज्ञ म्हणजे आकडा काढून देणारं यंत्र, हा समज मोठ्या डॉक्टरांचाही जात नाही. त्यांनी केलेल्या स्मृतीच्या चाचणीत तीसपैकी अठ्ठावीस गुण होते, म्हणजे 'मेंदू ठीक'. पण त्या चाचणीत माणसाला स्वतःला आवरता येतं की नाही हे कळतच नाही.

मी टेबलावर टिचक्या मारायला घेतल्या. मी एकदा वाजवलं की तुम्ही एकदा वाजवा, मी दोनदा वाजवलं की गप्प. पहिल्या दोन वेळा जमलं. मग मी दोनदा वाजवलं, त्यांनीही दोनदा वाजवलं.

"नियम काय होता, भाऊ?"

"दोनदा वाजलं की गप्प."

मी पुन्हा दोनदा वाजवलं. तोंडाने "गप्प" म्हणत त्यांनी बोटाने दोनदा वाजवलं. मूठ, पंजाची कड, तळवा या क्रमात हात टेबलावर ठेवायला सांगितला तर मूठच पुन्हा पुन्हा. शेवटी विचारलं, देवाचे पैसे घेऊ नयेत हे माहीत आहे ना?

"माहीत आहे की. पाप लागतं." हसले, आणि माझ्या डब्यातलं बिस्किट घेतलं.

एमआरआयच्या जुन्या अहवालात 'वयानुसार आकुंचन' एवढंच होतं. सीडी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग आकसलेला होता, उजवीकडे जास्त. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचे हेच भाग झिजत जाणारा आजार. अल्झायमरमध्ये बहुधा आधी आठवण जाते. याच्या या प्रकारात आधी लाजलज्जा, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव आणि खाण्यावरचा ताबा जातो. गोडाची हाव तर लक्षणांच्या यादीतच आहे. बरं करणारं औषध नाही.

मानसशास्त्राचे विद्यार्थी जैविक दृष्टिकोनावरच्या, म्हणजे वागणं मेंदूतून येतं या मतावरच्या, उत्तरात हटकून १८४८ सालचा अमेरिकन रेल्वे-मुकादम फिनीस गेज घालतात: डोक्यातून पहार गेली आणि सज्जन माणूस बिघडला. हाच गेज पुढे चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, हे कोणी लिहीत नाही. आखून दिलेलं काम अशा माणसाला पुष्कळदा जमतं. आमचे हे गृहस्थ अजून भजनात पखवाज चुकत नाहीत.

देवस्थानच्या समितीला लेखी हवं होतं: रोग की चोरी? मी निदान लिहिलं, नियम कळतो पण आवरता येत नाही हे लिहिलं, आणि हिशेब दुसऱ्याकडे द्या असं सुचवलं. चोर कोण हे ठरवायला माझ्याकडे चाचणी नाही.

बाईंनी अहवाल दोनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "आताचं मेंदूमुळे, हे पटलं. पण इतकी वर्षं एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, तेही मेंदूमुळेच?"

माझं शास्त्र 'हो' म्हणतं. बाईंच्या तोंडावर ते म्हणवलं नाही. तो भाग शाबूत होता म्हणून सचोटी शक्य झाली, इथवर मी ठामपणे बोलेन. ती सचोटी त्यांची नव्हती, असं मात्र मला म्हणायचं नाही, आणि या दोन्हींचा मेळ अजून बसत नाही.

पुढच्या वेळी मुलगा येणार आहे. हे आनुवंशिक आहे का, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर तरी देता येतं: काही घराण्यांत असतं, पुष्कळांत नसतं, आधी घरातला इतिहास नीट विचारावा लागेल.