तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅनिमेशनमध्ये मरण सुंदर कसं दाखवायचं?

अ‍ॅनिमेशन शिकणारे विद्यार्थी शेवटच्या वर्षाची फिल्म ठरवायला बसले की हा प्रश्न हटकून येतो: मृत्यूतलं सौंदर्य दाखवायचंय, सुरुवात कुठून करू? माझ्या मते, थांबण्यापासून. अ‍ॅनिमेशनमध्ये हालचाल आपणच घडवतो, त्यामुळे निश्चलताही आपल्यालाच घडवावी लागते. नुसतं चित्र थांबवलं, तर कुणी गेलं असं वाटत नाही. व्हिडिओ अडकला असं वाटतं.

त्यासाठी श्वास हाताशी घ्या. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक स्थिर चित्रं, धरल्या, तर एका श्वासाला ७२ ते १२० फ्रेम मिळतात. अखेरच्या तासांत ही लय बऱ्याचदा मोडते: काही श्वास खोल होत जातात, मग उथळ, मग खंड, आणि पुन्हा तेच चक्र. हा खंड फिल्ममध्ये तीनदा वापरा. आधी दोन सेकंद, मग चार, मग सहा. आणि सहानंतर श्वास आणूच नका. प्रेक्षक पुढच्या श्वासाची वाट पाहत राहतो आणि चेहरा न दाखवताही त्याला कळतं. छाती वर जाताना वेग थोडा जास्त ठेवा, खाली येताना शेवटच्या काही चित्रांतलं अंतर अगदी कमी करत न्या. सगळी चित्रं समान अंतरावर काढली, की माणूस भात्यासारखा दिसतो.

दुसरं साधन म्हणजे रेषेची थरथर. एकच चित्र तीनदा गिरवायचं, प्रत्येक दोन फ्रेम धरायचं आणि आलटून पालटून दाखवायचं. रेषा जिवंत वाटते. जाणाऱ्या पात्राच्या रेषेत प्रत्येक चित्र आधी दोन फ्रेम, मग तीन, चार, सहा असं लांबवत न्या आणि शेवटी एकच चित्र ठेवा. चादर, खिडकी, पडदा यांची थरथर मात्र आधीच्याच गतीने चालू राहू दे. ही निश्चलता कुणालाही बिघाड वाटत नाही, कारण शेजारी जग हलतं आहे. मला तर या विषयाचं सगळं सौंदर्य या फरकातच दिसतं.

प्रकाशाचा बोगदा, उडून जाणारा पक्षी, विझणारी ज्योत टाळा. प्रेक्षकाला त्यांचा अर्थ आधीच पाठ असतो, त्यामुळे तो पाहणं सोडून देतो. खरी प्रक्रिया दाखवा. पान पिकताना हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र बहुतेक वेळा नव्याने तयार होतो. उन्मळून पडलेल्या खोडावर बुरशी येते, शेवाळ येतं, त्यातच नवी रोपं रुजतात. तेव्हा मरताना रंग उडवून सगळं राखाडी करण्याची घाई नको.

काचेवर वाळूने चित्र काढून, खालून उजेड देऊन ते वरून कॅमेऱ्याने टिपायची पद्धत या विषयाला फार जवळची आहे, कारण पुढचं चित्र करायला आधीचं पुसावंच लागतं. ९० सेकंदांची फिल्म, प्रत्येक बदल दोन फ्रेम धरला, तर १,०८० बदल होतात. दिवसाला ४० जमले तर २७ दिवस. काचेखाली दुधी अ‍ॅक्रिलिक काही सेंटिमीटर अंतर सोडून लावा, म्हणजे त्याच्यावरची धूळ आणि ओरखडे फोकसमध्ये येत नाहीत. कॅमेऱ्याचं एक्सपोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स हाताने पक्कं करा, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येऊन चित्र लुकलुकतं. वीज अडॅप्टरवरून द्या. बॅटरी बदलताना कॅमेरा हलला की जुनी फ्रेम पुन्हा जुळवता येत नाही. अंगात गडद कपडे असू द्यात, काचेत प्रतिबिंब पडतं.

संगणकावर काम करत असाल, तर अंधारातल्या रंगछटांवर लक्ष ठेवा. ८ बिटमध्ये, म्हणजे छटांच्या पायऱ्या कमी असतात तेव्हा, त्यांचे पट्टे पडतात. १६ बिटमध्ये काम करा आणि शेवटी बारीक ग्रेन, म्हणजे चित्रभर कणांचा हलका पोत, द्या. पिकणारं पान एका चित्रातून दुसऱ्यात विरघळवू नका, मधे दोन कडा एकदम दिसतात. मधली चित्रं काढाच.

संगीत मरणाच्या क्षणी सुरू करू नका. बरंच आधी थांबवा. त्यानंतर पूर्ण शांतताही नको, ती ध्वनीतला दोष वाटते. रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून खाली पसरवा.

हे सगळं आधी अ‍ॅनिमॅटिकमध्ये, म्हणजे कच्ची चित्रं वेळेनुसार जोडून केलेल्या खर्ड्यात, तपासा. विषय न सांगता दोन-तीन जणांना दाखवा आणि एवढंच विचारा: कुठल्या क्षणी काय झालं? ‘अडकलं’ असं उत्तर आलं, तर पडद्याची हालचाल वाढवा. ‘झोपला’ असं आलं, तर शेवटच्या खंडाला आणखी दोन सेकंद द्या.