दुसरा डोस आणि होड्यांचं वेळापत्रक

मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बंदरगावात आशा सेविका आहे, म्हणजे गावातली आरोग्याची कामं बघणारी. कोविडच्या वेळी लोकांना दुसऱ्या डोसला कसं आणलं, असं कुणी विचारलं की मी आधी पहिल्या डोसचंच सांगायला लागते. खरी गडबड तिथेच होती.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी ओट्यावर आणि पुरुषमाणसं घरात. २०२१ च्या त्या दोन महिन्यांत लस आली की माणसं हाकेसरशी जमायची. आम्हालाही बरं वाटायचं, आकडा भराभर वर जात होता. पण कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर ठेवायचं होतं. ५ जुलैला टोचलं तर तारीख पडते २७ सप्टेंबर. तेव्हा हा माणूस कुठे असणार? समुद्रात. सप्टेंबरअखेर दुसरा डोस थकलेल्यांची यादी हातात आली, तर त्यात बहुतेक नावं होडीवरच्यांची. बायका म्हावरं विकायला बाजारात जातात पण रात्री गावातच असतात, त्यामुळे त्यांची नावं अगदी थोडी.

मीटिंगला मात्र एकच सूचना व्हायची, लोकांचे गैरसमज दूर करा. गैरसमज होते, नाही कशाला म्हणू. पण ज्याने पहिला डोस रांगेत उभं राहून घेतला, त्याला लसीचे फायदे परत काय सांगायचे? त्याला लस पटलेली होती. दिवस जमत नव्हता.

म्हातारी माणसं अडली होती ती वेगळ्या कारणाने. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, तेव्हा आम्ही घरोघरी सांगितलं होतं, सहा ते आठ आठवड्यांनी परत या. १३ मे रोजी तेच अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. पाठोपाठ तौक्ते वादळ आलं, लाईट गेली, फोन बंद. नवा नियम कुणाला कळवणार? आधीच्या हिशोबाने माणसं काठी टेकत केंद्रावर आली आणि तशीच परत गेली. कोळीवाड्यातली एक आजी मला दारातूनच म्हणाली, "मना नको गो बाय तुजी सुई. आज ये, उद्या ये." तिचा राग रास्त होता. संशोधन, प्रतिकारशक्ती वगैरे तिच्यापुढे काढण्यात अर्थ नव्हता. मी तिच्या सुनेला कालनिर्णय खाली काढायला लावलं, नवी तारीख गोल करून घेतली आणि सांगितलं की त्या दिवशी मी स्वतः न्यायला येईन. आली आजी. वाटभर बोलली नाही ती गोष्ट वेगळी.

मोबाईलचं आणखी एक त्रांगडं. कोविनवर, म्हणजे लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, एका नंबरावर चार जणांची नोंद चालायची. गावातल्या कितीतरी आईवडिलांची नोंदणी मुंबईच्या मुलाने आपल्याच नंबरावर केलेली. तारीख झाल्याचा मेसेज वाजायचा बोरिवलीत, आणि इथे म्हातारा विचारणार, माझा नंबर अजून कसा नाही लागला? बरं, दुसऱ्याच नंबरावरून नव्याने नोंद करावी तर तो पुन्हा पहिला डोस म्हणूनच चढायचा. मग दोन डोस घेऊनही माणसाच्या हातात पहिल्या डोसची दोन सर्टिफिकेटं. म्हणून मी साध्या दोनशेपानी वहीत रकाने आखले: नोंद कुणाच्या नंबरावर, ओळखपत्र आधार की मतदानकार्ड, आणि गावात निरोप कुणाकडे द्यायचा. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. त्यात कुठे शेजारीण होती, कुठे किराणावाला, आणि होडीवरच्यांच्या नावापुढे सरळ नाखवा, म्हणजे होडीचा प्रमुख.

हे सगळं विचारायची वेळ कुठली, तर सुई टोचल्यावरचा अर्धा तास. माणसाला बसवून ठेवायचंच असतं, काही त्रास होतोय का बघायला. शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसून लोक मोबाईल बघायचे, गप्पा हाणायचे. मी वही घेऊन शेजारी बसायचे. होडी कुणाची? बंदी उठल्यावर किती दिवसांची फेरी? गौरी-गणपतीला घरी आहेस ना? एरवी दारात उभं राहून विचारलं असतं तर दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. इथे त्यांनाही वेळ काढायचाच होता.

त्या गप्पांतून भांगाचं, म्हणजे समुद्राचं पाणी मंद असतं त्या दिवसांचं, सुचलं. आमच्याकडे डोलीची जाळी लावणारे बरेच. डोल चालते ती पाण्याच्या ओढीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी मंद. त्या दिवसांत डोलवाले किनाऱ्याला असतात, जाळी शिवतात, इंजिनाची कामं काढतात. इंग्रजी तारीख सांगितली की मान डोलवून विसरायचे, पण 'पितृपक्षातली अष्टमी' म्हटलं की नाखवा स्वतःच बोटं मोजायला लागायचा. आमच्या डॉक्टर मॅडमनी ते मनावर घेतलं. सप्टेंबरअखेरचं सत्र त्यांनी भांगाच्या दिवसांत ठेवलं, सकाळी शाळेत न ठेवता दुपारनंतर जेटीजवळच्या मच्छीमार सोसायटीत.

कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस, आणि बाटली उघडली की चार तासांत संपवायची. चार माणसं आली म्हणून उघडता येत नाही, आणि 'थांबा, दहा होऊ देत' म्हटलं की चारातले दोन सटकतात. एकेका खलाशाला फोन करण्यात मी दमले असते. नाखव्याला सांगितलं की तो अख्खी होडी घेऊन यायचा. दोन होड्यांची माणसं मिळून एक बाटली.

तापाचा प्रश्नही भांगाने सोडवला. पहिल्या डोसाला कित्येकांना ताप भरला होता, अंग मोडून आलं होतं. कोविशील्डच्या दुसऱ्या डोसाला सहसा एवढा त्रास होत नाही, ते मी सांगायचेच, पॅरासिटामॉलही द्यायचे. पण त्यांची भीती तापाची कमी आणि बुडणाऱ्या दिवसाची जास्त. होडी किनाऱ्यालाच असेल तर एक दिवस पडून राहिलं तरी कुणी बोलत नाही.

काही जणांच्या मागे मात्र अजिबात लागावं लागलं नाही. आखातात कामाला जाणारे. परदेशी नोकरीवर जाणाऱ्यांना त्या वेळी २८ दिवसांनी दुसरा डोस मिळत होता, सर्टिफिकेटवर पासपोर्टचा नंबर चढवून. ते फाईल काखेत मारून आमच्या आधी केंद्रावर हजर! तसेच मुंबईचे चाकरमानी. १५ ऑगस्टपासून लोकलचा पास दोन डोस झालेल्यांनाच मिळायला लागला, आणि दुसऱ्या डोसावर १४ दिवस जावे लागायचे. गणपतीला गावी आलेली पोरं ८४ दिवस भरायच्या आधीच हुज्जत घालायला उभी. त्यांना नाही म्हणतानाच आमचा घसा बसला.

नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' ही घरोघर जाऊन लस द्यायची मोहीम सुरू झाली, तेव्हा अंथरुणाला खिळलेले आणि यादीत उरलेले घेतले. सिस्टर बर्फाच्या पिशव्यांचा डबा खांद्याला लावून पुढे, मी वही घेऊन मागे. आमच्या वाडीत चढ फार.

वही आता भरली, पण सवय राहिली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. मधल्या काळात बाळाची आई माहेरहून सासरी जाते, नाहीतर मुंबईला. पहिला डोस झाला की बाळ रडायचं थांबेपर्यंत मी विचारून घेते, हा दीड वर्षाचा होईल तेव्हा तू कुठे असशील गं? नालासोपारा म्हणाली तर तिथला नंबर घेते, सासूचाही घेते, आणि बाळाचं कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवायला लावते.