आधी एकेकटे बसा, मग मीटिंग घ्या

कामात काही अडलं की सगळीकडे एकच ठरलेला उपाय, सगळ्यांना एका खोलीत बोलवायचं, बोर्डवर प्रॉब्लेम लिहायचा आणि म्हणायचं चला, आयडिया द्या. मग जरा वेळ सगळे गप्प, त्यानंतर जो नेहमी बोलतो तोच बोलतो, साहेब मान डोलावतात आणि उरलेली सगळी मीटिंग त्या एकाच आयडियाला ठिगळं लावण्यात जाते. याला क्रिएटिव्ह थिंकिंग म्हणायचं म्हणजे जरा अतीच.

असं एकत्र बसून आयडिया काढणं म्हणजे ब्रेनस्टॉर्मिंग, ते रूढ केलं अॅलेक्स ऑसबर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने. त्याचे नियम तसे वाईट नव्हते, टीका करायची नाही, जितक्या जास्त आयडिया तितकं बरं, वेडगळ वाटलं तरी बोलायचं आणि दुसऱ्याच्या म्हणण्यात भर घालायची. पण १९५८ साली येल विद्यापीठात हे तपासून बघितलं. काही ठिकाणी चौघांना एकत्र बसवलं, तर काही ठिकाणी चौघांना एकेकटं बसवून त्यांच्या आयडिया नंतर एकत्र मोजल्या, सारख्या निघालेल्या एकदाच धरल्या, तरीही एकेकट्यांच्या आयडिया जवळपास दुप्पट भरल्या! पुढे १९८७ च्या एका संशोधनातून जे मोठं कारण समोर आलं ते अगदी साधं आहे, एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे पाळीची वाट बघत बसतात, तेवढ्यात डोक्यात आलेलं विसरून जातात नाहीतर जाऊदे म्हणून सोडून देतात. (आणि साहेब समोर असतील तर टीका करायची नाही हा नियम कितपत पाळला जातो ते आपल्याला माहितीच आहे.)

पण नुसत्या भरपूर आयडिया येऊनही भागत नाही, कारण बोर्डवर प्रॉब्लेम ज्या शब्दांत लिहिला तिथेच अर्धा खेळ संपलेला असतो. कार्ल डंकर या मानसशास्त्रज्ञाचा मेणबत्तीचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेला डबा द्यायचा आणि सांगायचं मेणबत्ती उभ्या भिंतीवर लावा. उत्तर असं की डबा रिकामा करून भिंतीला टोचायचा आणि त्यात मेणबत्ती ठेवायची. टाचण्या डब्यात भरून दिल्या तर बरेच जण अडकतात, त्याच टाचण्या बाहेर ठेवून डबा रिकामा दिला तर लोकांना पटकन सुचतं. वस्तू त्याच, माणसंही काही जास्त हुशार नाहीत, फक्त मांडणी बदलली.

आता ऑफिसातलं घ्या. ‘रिपोर्ट वेळेवर येत नाही’ असं लिहिलं की सगळे रिमाइंडर, डेडलाईन, नवीन शीट यातच फिरत राहतात. तेच ‘हा रिपोर्ट वाचतं कोण आणि वाचून करतं काय’ असं विचारलं तर कधी कधी कळतं की त्यातले दोन आकडे सोडले तर बाकी कुणी बघतच नाही, मग ते दोन आकडे मेसेजवर पाठवले तरी चालतं की.

म्हणून मला वाटतं मीटिंगच्या आधी प्रत्येकाने एकट्याने दोन गोष्टी लिहून आणाव्यात, आपल्या मते मुळात प्रॉब्लेम काय आहे आणि त्यावर सुचेल ते सगळं. रोज ते काम हाताने करणाऱ्याला तर नक्की विचारावं, बहुतेक वेळा त्याला खोलीत बोलावलेलंच नसतं. कागद नाव न लिहिता गोळा करायचे आणि वाचून दाखवायचे, आणि साहेबांनी बोलायचं ते सगळे कागद वाचून झाल्यावरच. यातली शेवटची अट मान्य करून घेणं हे मात्र वेगळंच अवघड काम आहे, त्यावर उपाय सापडला तर मलाही सांगा.